साबणबाईंचं बेसिन

नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना पाठीमागे सगळे 'साबणबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! हात न धुता कुणी पाळण्यावर नुसतं वाकलं, तरी बाई अशा काही बघायच्या की भलेभले डॉक्टर मुकाट्याने बेसिनकडे वळायचे.

त्यांची लेक शास्त्रज्ञ. माणसांच्या अंगावर, भिंतींवर, पाण्यात कोणकोणते जंतू एकत्र नांदतात आणि कोण कुठून कुठे जातो, हा तिचा अभ्यास. वॉर्डात एकाच जंतूने दोन बाळं गेली, तेव्हा तो दडलाय कुठे हे शोधायचं काम तिच्याकडेच आलं. पाळणे, नळ्या, दारांच्या मुठी, बेसिन, सगळ्यांचे तळहात, तिने काही म्हणता काही सोडलं नाही. दर वेळी आधी कळवून जायची, नमुने घ्यायची आणि हात हलवत परत यायची. मेला लपलाय तरी कुठे?

त्यातच तिच्या भावाचं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं आणि त्याच वॉर्डात दाखल झालं. आजीने नातवाला बेसिनशेजारच्या पाळण्यात ठेवून घेतलं.

आत्या भाच्याला बघायला गेली, ती मात्र न कळवता. नमुन्याची काडी पिशवीत होतीच. निघताना तिने सहज ती बेसिनच्या जाळीतून खाली फिरवली.

आज निकाल हातात पडला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तोच जंतू! पाइपात चांगला घर करून बसलेला. आईला फोन करावा, तर बाई वॉर्डात फोन नेतील तर शपथ. लेक जिना चढत धावत सुटली.

आई बेसिनपाशीच उभी होती, कोपरापर्यंत साबण लावून. नळाची धार थेट जाळीवर पडत होती आणि बारीक शिंतोडे पाळण्याच्या कडेवर उडत होते.

"आई, नळ बंद कर!"

"अगं, ओरडतेस काय? बाळं झोपलीत."

लेकीने स्वतःच नळ बंद केला. हातांना सॅनिटायझर चोळून पाळणा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. बाळ शांत होतं, अंगात ताप नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. मग परत येऊन तिने हळू आवाजात सांगितलं, "जंतू ह्या पाइपात आहे. वरून पाणी पडलं की उडतो."

"काहीतरीच काय! तू यायच्या आधी दर वेळी मी स्वतः औषध ओतून हे बेसिन घासलंय. लेकीपुढे माझा वॉर्ड कशाला घाण दिसायला..."

बोलता बोलता बाई थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं: औषधाने जंतू तेवढ्यापुरता दबायचा आणि लेकीचे नमुने कोरे निघायचे. चेहरा पांढराफटक पडला.

"ती दोन्ही बाळं," त्या म्हणाल्या, "आधी इथेच होती. नाजूक म्हणून मीच ठेवली गं. माझ्या हाताशी."

लेकीला फार वाईट वाटलं, आईचंही आणि त्या बाळांचंही.

तिकडे बाळ जागं होऊन रडू लागलं. सवयीने आजी दोन पावलं पुढे गेली, हात पसरले आणि तशीच थबकली. ओल्या हातांकडे बघत राहिली.

"तू घे त्याला," ती म्हणाली. "माझे हात धुतलेले आहेत."