माघातली रोवणी

हातातलं तिकीट तिने इतकं चुरगाळलं की त्याची गोळी झाली — बायकांना एसटीत अर्धं भाडं, सरकारची मेहेरबानी, आणि माहेरच्या शेतात मात्र... जाऊ दे. कामिनीने गोळी पर्समध्ये कोंबली. शेजारी मोठा भाऊ, चंद्रकुमार, मांडीवर वकिलाची फाइल घेऊन बसला होता. आज सकाळीच तिच्या जवाहरनगरच्या क्वार्टरवर तिला घ्यायला हजर. एरवी भाऊबीजेलाही याला सवड होत नाही.

"कोर्टात जास्त बोलू नको, बाई. बाबा शुद्धीवर नोहते, एवढंच सांगजो."

"मले शिकवू नको, भाऊ."

शिकवायचं काय, ते तिचंच तर बोलणं होतं. बाबांच्या तेरवीला बायकांत बसून रडता रडता ती बोलून गेली — मृत्युपत्रावर अंगठा घेतला तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं गं, मी उशाशी पाणी पाजत होते, आणि ते भर माघात विचारत होते, "रोवणी झाली काय?"... रोवणी म्हणजे धानाची लावणी, आषाढ-श्रावणातली! झालं, भावाने तेवढंच उचललं आणि धाकट्या खुशालवर दावा ठोकला. एकोडीची सगळी धानाची जमीन एकट्या खुशालला देणारा तो कागद रद्द झाला तर तिघांना सारखा वाटा. म्हणजे मलाही. म्हणजे साक्ष देऊन उतरले की खुशालची बायको बोंबलणार, वाट्यासाठी बापाला वेडं ठरवलं म्हणून. बोंबलू दे! खरं ते खरं.

लाखनी मागे पडलं आणि खिडकीत चिखलाचं शेत आलं. गुडघाभर पाण्यात ओळीने वाकलेल्या बाया, हातात धानाची रोपं. मग दुसरं शेत, तिसरं... तिच्या लहानपणी या दिवसांत शेतात धान निघाल्यावर पेरलेली लाखोरीची डाळ असायची, ती शेंगा खात बांधावरून हिंडायची — लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यानंतर माघात ती शेताकडे गेलीच नव्हती, बाबांच्या उशाशी होती तेव्हाही नाही.

"भाऊ, ह्या काय लावून राहिल्या?"

"उन्हाळी धान."

"खुशालही लावते?"

चंद्रकुमारने फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "बोअर मारला तवापासून लावते."

"बाबा होते तवा?"

"हो."

"अन् तुले हे मालूम होतं?"

"मले वकिलानं इचारलं नाही, मी सांगतलं नाही."

तिला त्याचा राग आला, आणि राग फार टिकला नाही, कारण त्याच्या मागून दुसरंच काही येत होतं. म्हणजे बाबांनी बरोबर विचारलं होतं. शेतात त्या आठवड्यात खरंच रोवणी चालली असणार. ते शुद्धीत होते, पुरते शुद्धीत — कोणत्या शेतात काय चाललंय, कोण लावतोय, सगळं ध्यानात होतं. चंद्रकुमारचंही नाव आहे कागदात; त्याला नोकरी आहे म्हणून जमीन देत नाही, असं कारणासकट लिहिलंय. माझं नाव नाही. नाही द्यायचं असंसुद्धा नाही. वाटीतून पाणी पाजत होते मी, बाबा, हनुवटी पुसत होते...

दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की बाबा भ्रमात होते. भ्रमातला माणूस लेकीलाही विसरतो... आणि सांगताना किती बरं वाटायचं, हे तिला आत्ता कळत होतं.

"साकोली आलं, चाल," भाऊ उठला.

तीही उठली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोर्टात उभं राहून खोटं बोलावंसं वाटत होतं, आणि ते जमिनीसाठी नव्हतं.