तिसऱ्या ड्रमातलं पाणी

वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. माझ्या हाताखालून एक वॉशर कधी वाया गेला नाही, याचा ताठा निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. त्यामुळे मार्गशीर्षात माझ्या बायकोला, अंबिकेला, अर्धांगाचा झटका आला आणि घरकाम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी म्हटलं, त्यात काय एवढं! स्वयंपाकघर म्हणजे छोटं स्टोअरच की.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. सिडकोत नळाला आठव्या दिवशी पाणी. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारत उठली आणि तिच्या खोल बोअरनं आमच्या बोअरचं पाणी पळवलं. उरलं ते मचूळ. पिण्यासाठी तेच घरातल्या आरओ मशीनमधून शुद्ध करून घ्यायचं. मी अंगणात तीन ड्रम मांडले, वर खडूनं लिहिलं: भांडी, लादी, झाड. मशीनच्या नळीतून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं, ते सगळं तिसऱ्या ड्रमात. एक थेंब गटारात जाऊ दिला नाही. गल्लीतल्या चार जणांना बोलावून दाखवलंसुद्धा.

झाड म्हणजे अंबिकेचं कागदी लिंबू. हिमायतबागेतून वीतभर रोप आणून तिनं बारा वर्षं वाढवलेलं. कुणाकडे पोहे झाले की लिंबासाठी आमचंच फाटक वाजायचं. आता ती खाटेवर, वाचा गेलेली, उजवं अंग गेलेलं. खिडकीतून तिला दिसायचं ते एवढं एकच हिरवं. तासन्‌तास ती तिकडे बघायची आणि मला वाटायचं, हे झाड जगलं तर हीसुद्धा उठेल. वेडेपणा होता, पण वाटायचं खरं.

रोज सकाळी भांडी घासून झाली की मी बादली घेऊन झाडाशी जायचो. मला बघताच ती डावा हात जोरजोरात हलवायची, घशातून आवाज काढायची. आधी वाटलं, हिला माझे कष्ट बघवत नाहीत. मग वाटलं, छे, हिला माझं कामच पसंत नाही. चाळीस वर्षं मी तिच्या पोळ्यांना नावं ठेवली, आता ही उट्टं काढतेय.

चैत्रात पानांच्या कडा करपायला लागल्या. ऊन, दुसरं काय! मी एकाच्या दोन बादल्या केल्या. तशी ती खाटेवर हात आपटायला लागली. एके दिवशी माझं डोकंच फिरलं. आत येऊन खेकसलो, "पडल्या पडल्याही हुकूम सोडतेस? मला अक्कल शिकवू नकोस!" आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पडदा पंधरा दिवस तसाच राहिला. आपण होऊन उघडायचा, तर माझा मान कमी झाला असता ना! तेवढ्या दिवसांत झाडाची पानं गळून गेली.

शेजारच्या द्वारकाबाई अंबिकेला बघायला आल्या. पैठणकडच्या शेतकरी घरातल्या बाई. त्या फाटकातच थबकल्या.

"भाऊ, ह्या झाडाला कोणतं पाणी घालता?"

मी ड्रम दाखवला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकल्या.

"अहो, हे तर निस्तं मीठ हाय! मशीन सगळा खार ह्याच्यातच टाकतंय. लिंबू लई नाजूक, त्याला खार चालत नाय. मशीन बसवलं तवाच वहिनींनी मला सांगितलं व्हतं, हे पाणी लादीला, झाडाला डाळ-तांदळाचं धुवण. तुमाला म्हणल्या नाहीत व्हय?"

म्हणाली होती. रोज म्हणत होती.

मी नखानं साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. घरात जाऊन पडदा उघडला. उघड्या फांद्यांकडे अंबिका बराच वेळ बघत राहिली. "चुकलो गं," मी म्हणालो, आणि तिच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा रडलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांदळाचं धुवण पातेल्यात घेऊन खाटेशी उभा राहिलो. "हे घालू का? खाली एखादा फुटवा येईलही." डावा हात चादरीवर तसाच.

आता मी सगळंच विचारतो. वरणात मीठ किती घालू, उशी कुठं सरकवू, पडदा उघडा ठेवू की लावू. चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिला ऐकू येतं, कळतंही, पापण्या हलतात. पण ती हात उचलत नाही.