तारीख दुसऱ्या दिवशी

देवानंदच्या चॅनेलवर त्या रीलचं शीर्षक होतं, 'जालन्याच्या पेंटरनं स्वतःच्या मृत्यूची तारीख आधीच रंगवली!!!' मागे कसलीतरी गंभीर धून घुमत होती आणि पडद्यावर अप्पांचं चित्र हळूहळू जवळ येत होतं. खाली उजव्या कोपऱ्यात काळ्या रंगात तारीख: १७ ऑगस्ट २०२५. अप्पा त्याच दिवशी गेले.

नवव्या दिवसापर्यंत एक्केचाळीस हजार लोकांनी ते पाहिलं होतं. खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणी लिहिलं होतं, 'पुण्यात्मा.' कुणी विचारलं होतं, 'माझी पण तारीख सांगता येईल का?' ज्याला विचारतोय तो गेला म्हणूनच हे रील आहे, एवढंही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

वसंता पेंटर म्हणजे माझे वडील, अप्पा. तीस वर्षं त्यांनी बियाणे कंपन्यांच्या जाहिराती भिंतींवर रंगवल्या. कापसाचं बोंड टरबुजाएवढं काढायचं, ही कंपनीची अट. फ्लेक्स आला आणि भिंती गेल्या. मग एमआयडीसीतल्या टेम्पोंचे नंबर आणि कारखान्यांतले 'धोका' लिहिलेले फलक एवढंच काम उरलं. हात रिकामे झाले त्याच सुमारास, २०१२च्या डिसेंबरात, टीव्हीवर रोज जग बुडत होतं.

"माया लोकांच्या कॅलेंडरात लिहून ठेवलंय म्हणे," अप्पा फोनवर म्हणाले. "एकवीस तारीख. शुक्रवार पडतो. पगार व्हायच्या आतच बुडून राह्यलं."

मी तेव्हा संभाजीनगरला एम.ए. करत होते आणि मला सगळं माहीत असायचं. मी त्यांना सांगितलं, की जग बुडेल असं माया लोकांनी कुठेही लिहिलेलं नाही. त्यांच्या मोजणीचं एक मोठं चक्र संपतंय, मोटरसायकलच्या मीटरमध्ये सगळे नऊ जाऊन शून्य यावेत तसं. शिवाय पेपरात छापलेला तो गोल दगड माया लोकांचा नाहीच, अ‍ॅझ्टेकांचा आहे.

"म्हणजे दोघांचंबी कॅलेंडर चालूच राहणार. बराबर?" अप्पा म्हणाले आणि कामाला लागले.

जुन्या फलकांचे पत्रे घासून त्यांनी त्यावर गोल कॅलेंडरं काढली. कडेच्या चिन्हांच्या जागी शेळी, मोसंबी, कुकर, मोंढ्यातला तराजू, गिरणीचं धुराडं. मधोमध प्रलय. त्यांचा प्रलय जाडा होता, सफारी घालायचा, हातात बॅग. पहिल्या चित्रात तो जालना स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करत होता. २०१७ साली पृथ्वीवर कुठला तरी ग्रह आदळणार होता. अप्पांच्या चित्रात तो अंकुशनगरच्या साखर कारखान्यासमोर उसाच्या बैलगाड्यांमागे नंबर लावून उभा होता आणि पुढचा गाडीवान त्याला सांगत होता, 'मागं सरा, बैल बुजतो.' २०२०मध्ये माया कॅलेंडर मोजण्यात चूक झाली होती म्हणून जग पुन्हा बुडणार होतं. त्या चित्रात प्रलयाला लॉकडाऊनमध्ये पोलिसांनी अंबड चौफुलीवर अडवलं होतं आणि ते पास मागत होते.

त्यांचा एक नियम होता. चित्र आधी काढायचं, पण तारीख टाकायची नाही. जग बुडायचा दिवस जाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी दूध आलं, चहा झाला, की मग चपटा ब्रश घेऊन एका दमात कालची तारीख लिहायची.

"आधी लिहितात ते बुवा," ते म्हणायचे. "आपण बिलकुल गडबड करत न्हाई. आपण दूधवाल्याला विचारून लिहितो."

या माणसाला देवानंदनं भविष्यवेत्ता केलं होतं. आणि उद्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तेच चित्र स्टेजवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी ठेवायचं ठरलं होतं. माझ्या काकांनी होकारही दिला होता. ज्यांच्यासमोर अप्पांनी कुणा ज्योतिषाला हात दाखवायचा नाही अशी शपथ घेतली आणि आयुष्यभर पाळली, त्यांच्याच शेजारी.

सकाळी दहा वाजता देवानंद कॅमेऱ्याचं स्टँड घेऊन घरी आला. चाळिशीचा माणूस, आमच्याच गल्लीतला. "साक्षीताई, दोन मिनिटं बोला फक्त. पेंटरकाकांना आधी कळल्तं का, घरात काही बोलले होते का, असं. लोक रडून राह्यले ताई."

"आधी चित्र पाहू दे," मी म्हणाले. घरी आल्यापासून मी ते मुद्दाम पाहिलं नव्हतं; रीलही तारीख दिसताच बंद केलं होतं.

आईनं आतल्या खोलीतून पत्रा आणला. त्यात आमचंच घर होतं. प्रलय ओट्यावर बसून स्टीलच्या ग्लासातून चहा पीत होता, बॅग पायाशी. अप्पा शिडीवर चढून भिंत रंगवत होते आणि त्याला सांगत होते, 'बसा. टेकू नका, रंग ओला आहे.'

मला हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मग मी तारखेवर बोट ठेवलं आणि बोट काळं झालं.

अप्पांच्या हातचा रंग एका रात्रीत वाळायचा. पुढच्या प्रलयासाठीचं हे चित्र जुलैतच पुरं केल्याचं, फक्त तारीख बाकी असल्याचं त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. मी आकडे नीट पाहिले. फलक लिहिणाऱ्याच्या मुलीला बापाचा सात ओळखू येतो. हा त्यांचा नव्हता. तो थांबत थांबत काढलेला होता.

"कधी लिहिलंत हे?" मी देवानंदला विचारलं.

"काय?"

"तारीख. एक्केचाळीस हजारांसाठी मेलेल्या माणसाच्या चित्रावर हात चालवलात. लाज नाही वाटली?"

"आई शप्पथ ताई! मी आल्तो तव्हा तारीख होतीच. मला काय सात काढता येतो का असा? काकूंनीच दाखवलं मला."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळा रंग होता. नऊ दिवस ती माझ्यासमोर भाकरी थापत होती आणि मी ते पाहिलं नव्हतं.

"देवानंद," ती म्हणाली, "तू बाहेर ओट्यावर बस. चहा देते."

त्याला चहा देऊन ती आत आली आणि दार लोटलं.

"डब्यातला रंग घट्ट झाल्ता," ती म्हणाली. "म्हणून थोडं गोडंतेल टाकलं. वाळलाच न्हाई मेला."

"का केलंस?"

"तू जेवतीस का? ताटावर बसतीस अन् उठतीस. दवाखान्यात तो डॉक्टर म्हणला ना, दोन तास आधी आणायला पाहिजे होतं, तव्हापासून तू माझ्याशी धड बोलली न्हाईस. मंग मला वाटलं, त्यांना माहीतच होतं असं झालं तर... तर कोणाचाच दोष न्हाई. तुझाबी न्हाई, माझाबी न्हाई. लोकांना दाखवायचं नव्हतं मला. तुला दाखवायचं होतं. तू तर बघायलाच तयार नव्हतीस. तेवढ्यात हा आला."

सतरा तारखेला दुपारी चार वाजून सात मिनिटांनी अप्पांचा मला फोन आला होता. "साक्षे, छातीत जळून राह्यलं गं सकाळपासून." मी वाचत होते. पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं, पान जाऊ नये म्हणून. "पित्त असेल अप्पा. सोडा घ्या, पडून राहा. उद्या डॉक्टरकडे जा." ते म्हणाले, "बरं. तू म्हणतीस तर पित्तच असंल. वाच तू." पावणेसातला दवाखान्याच्या दारात, रिक्षातच त्यांचा जीव गेला.

"तुला काय वाटलं," मी आईला म्हणाले, "हे पाहून मी जेवायला बसेन?"

"हळू बोल. तो बाहेर आहे."

"असू दे. त्यांनी बारा-तेरा वर्षं ज्याची टिंगल केली, तेच तू त्यांच्या कपाळावर लिहून ठेवलंस. मला वाचवायला! मी मागितली होती माफी? कुणाकडे मागितली होती?"

ती नखातला रंग खरवडू लागली. मला ती बोलायला हवी होती. तिनं म्हणायला हवं होतं, की तू एवढी शिकलेली आणि तुला छातीतलं दुखणं कळलं नाही. तेवढं एक वाक्य मी नऊ दिवस ऐकायची वाट पाहत होते, आणि तिनं ते गिळून त्यावर तेलातला रंग फासला होता.

मी माळ्यावरून टर्पेंटाईनची बाटली काढली. अप्पांच्या कामाच्या फडक्यानं तारीख पुसली. ओली होती म्हणून लगेच निघाली. आधी सात गेला, मग ऑगस्ट, मग साल. पत्र्याच्या कोपऱ्यात फक्त पिवळा रंग राहिला, त्यांनी तारखेसाठी मोकळा सोडलेला.

"मंग आता कोणती तारीख?" आईनं विचारलं.

"कोणतीच नाही."

बाहेर देवानंद ओट्यावर बसला होता, हातात स्टीलचा ग्लास, बॅग पायाशी. मी पत्रा त्याच्यासमोर भिंतीला टेकवला. कोपरा पाहून तो उठलाच.

"अरे! हे काय केलं ताई? मंग दाखवायचं काय आता?"

"मला दाखवा. लावा तुमचा कॅमेरा. त्यांना काही माहीत नव्हतं, हे मी सांगणार आहे. माहीत असतं तर त्यांनी मला फोन करून विचारलं नसतं."

"असलं कोण बघणार ताई? अन् घरातलं बोलणं घरातच बरं असतं. काकू, तुम्ही तरी सांगा."

आई उंबऱ्यात उभी होती. तिनं अंगठा मुठीत धरला होता. मला वाटलं, ती मला आत बोलावेल.

"तिचं घे," ती देवानंदला म्हणाली. "जसं बोलून राह्यली तसं घे. मधलं काही कापू नको."

त्यानं ग्लास खाली ठेवला, स्टँड उघडलं, बटण दाबलं. मी रागातच होते आणि ते बरं होतं, कारण आवाज कापला नाही.

"माझं नाव साक्षी," मी म्हणाले. "चार वाजून सात मिनिटांनी अप्पांनी मला विचारलं होतं. मी त्यांना पित्त म्हणून सांगितलं."