तिनं अण्णा म्हटलं, त्यानं ओ दिली

तंबाखूचे शेंडे खुडून अक्काताईची बोटं चिकानं काळी पडली होती. दवानं पानं ओली, पायाखाली काळी माती गार, आणि बांधावर तिची चुलतसासू मालुबाई सकाळपासनं एकच दळण दळत बसलेली.

"पाट लावून परत संसार मांडायला कुनाची आडकाठी हाय गं? भरमूची बायकू जाऊन लई दिस झालं. तुला बी कोन न्हाय. तू नुस्तं व्हय म्हन, मी इचारतो त्याला."

"आत्ती, मी त्याला अण्णा म्हनतोय की वं."

"त्यानं काय हुतंय? मी पाटलाला बी अण्णा म्हनतो. त्यो काय दिवाळीला चोळी धाडतोय व्हय मला?"

अक्काताईला हसू आलं आणि तिथंच विरलं. प्लेगात नवरा गेला तेव्हा तानी पोटात होती. भरमू तिचं औत धरायला लागला, तशी गावाची तोंडं सुटली. ती बंद करायला तिनंच चावडीपुढं मोठ्यानं विचारलं होतं, "अण्णा, उद्या येतासा न्हवं?" शेताला काटेरी कुंपण घालावं तसा तो शब्द. आणि आता कुंपणाच्या आत ती एकटी.

"इचारा," ती पुटपुटली.

मालुबाई पल्याडच्या सरीला गेली. थोड्या वेळानं तिच्याबरोबर भरमूच आला, डोक्याचा पटका हातात घेऊन.

"अक्काताई, माझ्या मनात कधीच न्हवतं, आसं न्हाय. खोटं कशाला बोलू?"

तिनं हातातला शेंडा खाली टाकला.

"पर तू अण्णा म्हनलीस. तवापास्नं तुझ्याकडं तसंच बघायला शिकलो. लई जड गेलं. आता उलटं शिकाय जमंना."

"म्या लोकांसाठी म्हनलं हुतं," ती म्हणाली.

"मी लोकांसाठी ओ न्हवती दिली." त्यानं झाडाखाली खेळणाऱ्या तानीकडं बघितलं. "आन हिला काय सांगायचं? कालपतोर मामा, आजपास्नं बा?"

"शबुद धरून बसलाय!" मालुबाई उसळली. "भाकर थापून घालतोय का रं त्यो तुला?"

"न्हाय घालत, काकू," भरमू म्हणाला आणि सरीत परतला.

मालुबाई पदर झटकून घराकडं गेली. ऊन चढलं. अक्काताईनं भाकरीचं फडकं सोडलं, खर्डा काढला. रोज या वेळी ती बांधावरनं 'अण्णा' म्हणून हाक द्यायची. आज तोंड उघडलं, पण तो शब्द येईना. हाक दिल्याबिगर तो येणार नव्हता, आणि पहाटेपासनं त्याच्या पोटात काही नव्हतं. लांब, पानांच्या वर, त्याची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती.

"तानी," ती म्हणाली. परत म्हणाली, "तानी, मामाला बोलीव जेवाय."

पोर पानं चुकवत पळाली.

पहिल्याच हाकेला भरमू उठून उभा राहिला.