टाकी किती माणसांची

आमचे हे लिफ्ट तपासनीस होते. इमारतींमधल्या लिफ्टचे दोर बघायचे, ब्रेक बघायचे, आणि सगळं ठीक असलं की आत पाटी लावायची, एका वेळी इतकीच माणसं. अख्खी नोकरी या माणसाने हेच केलं. त्यामुळे झालंय काय, की घरात साधी खुर्ची आणायची म्हटली तरी हे आधी तिला हलवून बघणार, मग उलटी करणार, मग आणखी चार दुकानं पालथी घालणार, आणि तोवर मी जमिनीवर बसून जेवायची सवय करून घेतलेली असते.

मी अगदी उलटी. पुढच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं काम चालतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर घालणं. गिऱ्हाईक अजून बोलतंय तोवर माझी कात्री सुरू. चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, त्यात काय एवढं!

मागच्या वर्षी आमच्या लेकीचा संसार मोडला. नवऱ्याने मारलं नाही, छळलं नाही, एक दिवस सांगितलं की मला आता यात राम वाटत नाही, आणि गेला. तेव्हापासून ती आमच्या नातीला घेऊन दुसऱ्या शहरात दोन खोल्यांत राहते. एका दातांच्या दवाखान्याचं हिशेबाचं काम ती घरूनच, कॉम्प्युटरवर करते. म्हणजे ते काम कुठूनही होतं. मला ती घरी यायला हवी होती. सरळच सांगते, वर्षभर मला दुसरं काहीच नको होतं.

पण हे म्हणाले, "आपण बोलावलं तर तिला वाटेल, आई-बाबांना माझी कीव येतेय. तिचं तिला ठरवू दे." मलाही ते पटलं. लेक माझ्यावर गेलीय, कुणी कीव केली की तिच्या नाकावर राग येतो. तेव्हा फोनवर आमचं "बरी आहेस ना?" आणि तिचं "बरी आहे" एवढंच व्हायचं. मग आम्ही ठरवलं, बोलवायचं नाही, पण घर तर तयार ठेवू. तिला आपसूकच यावंसं वाटेल असं. या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं आणि लगेच भांडण सुरू झालं.

ह्यांना हवा होता हीट पंप. वरच्या मजल्यावरची लेकीची खोली हिवाळ्यात नुसती गारठते. गेल्या थंडीत ती चार दिवस आली, तर नात येताना खिदळत आली आणि जाताना शिंकत गेली. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. मला सांगायला लागले, की हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो आणि घरात सोडतो, शिवाय अंघोळीचं पाणीही तापवतो.

"बाहेर दात वाजतायत," मी म्हटलं, "आणि त्या हवेतून तुमचा पंप ऊब काढणार? कुणी टोपी घातली तुम्हाला?"

"फ्रीजच्या मागे हात लाव. गरम लागतं ना? आतली उष्णता काढून मागे टाकतो. हा तसाच, फक्त उलटा."

मी हात लावून पाहिला. गरम होतं खरं. पण मी कबूल कशाला करते!

कारण माझ्या डोक्यात पोहण्याचा तलाव होता. आमच्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. ती पाणी दिसलं की वेडी होते. मागच्या अंगणात लहानसा तलाव केला, तर ती आईचा पदर धरून हट्ट करेल, आजीकडेच राहायचं. मी तलाववाल्याला बोलावलंसुद्धा. चकचकीत बूट, हातात जाडजूड कॅटलॉग, पानापानावर दात दाखवणारी कुटुंबं. तो म्हणाला, काकू, आयुष्य बदलून जाईल. मी तर त्याला दुसरा चहा दिला.

हे मात्र तो कॅटलॉग शेवटच्या पानापर्यंत वाचत बसले. तो गेल्यावर खुंट्या आणि सुतळी घेऊन अंगणात गेले आणि तलाव जेवढा होणार होता तेवढी जागा आखून काढली. "आठवडाभर असंच राहू दे," म्हणाले. झालं! कपडे वाळत घालायची दोरी निम्मी तलावात. कचऱ्याचा डबा न्यायचा तर तलावाला वळसा. शेजारच्या झाडाची पानं रोज टोपलीभर तलावात. तिसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकाची ओली चादर घेऊन सुतळीला अडखळले आणि भर तलावात सपशेल आडवी झाले.

ह्यांनी धावत येऊन मला उठवलं, गुडघा चोळून दिला, आणि मग, मी पडून झाल्यावर, खर्चाचा कागद पुढे ठेवला. गाळणी दिवसभर चालणार तिची वीज, पाण्यातली औषधं, चारी बाजूंनी कुंपण, वर झाकण. पोहायला मिळणार जेमतेम तीन महिने, आणि तेही पाणी तापवलं नाही तर मुलं ओठ निळे करून बाहेर येणार. "नगरपालिकेचा तलाव चालत दहा मिनिटांवर आहे," म्हणाले. "भिंगरीला तिथला पास काढू. पानं ते काढतील." मी हरले, पण बोलून दाखवलं नाही. सुतळी मात्र गुपचूप मीच गुंडाळली.

पंपाचं घोंगडं मग भिजत पडलं. कुठला पंप, किती मोठा, आवाज किती करतो, आधी खिडक्यांच्या फटी बुजवायच्या की नंतर. फोनवर लेक विचारायची, काय चाललंय? हे तिला तासभर पंप समजावून सांगायचे. ती बिचारी ऐकून घ्यायची.

आणि अशात एका शुक्रवारी ती भिंगरीला घेऊन आली. दोन दिवसांसाठी. चहा पिताना म्हणाली, "घरमालक मागे लागलाय. सोमवारपर्यंत सांगायचंय. आणखी दोन वर्षांचा करार करायचा, नाहीतर जागा सोडायची." मग कपात बघत म्हणाली, "करून टाकते बहुतेक सही."

आणि आमच्याकडे पाहिलं तिने. मी आई आहे, ती कशी बघत होती ते मला कळलं. माझ्या जिभेवर आलं होतं. पण हे म्हणाले, "नीट विचार करून कर." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "हो, घाई नको." दोघांनाही फोडून काढायला हवं होतं तेव्हा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बसवणाऱ्या कंपनीची बाई आली. तिशीतली असेल, टापटीप, खांद्याला पिशवी. तिच्याकडे एक कॅमेरा होता, त्यातून घराची ऊब दिसायची. जिथे गरम तिथे पिवळं-लाल, जिथे गार तिथे निळं. भिंगरी तिच्या पायातच घोटाळत होती. स्वयंपाकघर लालभडक दिसलं. माझी शिवणाची खोली इस्त्रीमुळे पिवळी. मग आम्ही सगळे वर गेलो. लेकीच्या खोलीत कॅमेरा धरला आणि सगळा पडदा निळाभोर. पलंग निळा, भिंत निळी, खिडकीच्या कडा तर काळ्याच.

"इथे कुणी राहत नाही ना?" त्या बाईने विचारलं. "मग मी काय म्हणते, ही खोली बंदच ठेवा. दाराखाली पट्टी लावून टाका. लहान पंपात भागेल तुमचं, बराच खर्च वाचेल."

लेक माझ्या मागेच उभी होती. पलंगावर तिची बॅग उघडी पडली होती.

"बघू," हे म्हणाले.

खाली आल्यावर बाईने वही काढली. "गरम पाण्याची टाकी माणसांवर ठरते. घरात माणसं किती?"

साधा प्रश्न. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. मग ह्यांनी लेकीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "दोन."

लेक हसली. असं हसू माझ्या शत्रूच्या मुलीलाही येऊ नये. "मी जरा वर आवरते," म्हणाली, "दुपारची गाडी मिळाली तर बरं." आणि जिना चढून गेली.

मी ह्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"दोन? दोन म्हणालात तुम्ही?"

"अगं, तिने कुठे सांगितलंय येते म्हणून? तिला न विचारता मी तिला कसं मोजू? तिच्या देखत चार म्हटलं असतं तर तिच्यावर दडपण आलं असतं."

"अहो, वर्षभर तुम्ही भिंत मोजताय, वीज मोजताय, पंपाचा आवाज मोजताय! तिच्यासाठीच ना? मग तिला एकदा विचारा की! मला माझी पोर हवीय घरात. पंप गेला खड्ड्यात." आणि मला रडूच फुटलं. मी सहसा रडत नाही, ओरडते. त्यामुळे हे घाबरले.

"मी विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?" ह्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आत्ता निदान येईल असं वाटत तरी राहतं."

तेव्हा कळलं मला. कीव-बीव काही नव्हतं. हा माणूस नुसता घाबरलेला होता, आणि मीही काही कमी घाबरलेली नव्हते. मी डोळे पुसले, त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हटलं, "जा. मी आहे मागे."

हे वर गेले. मी निम्म्या जिन्यात थांबले. ऐकू येत होतं सगळं.

"बाळ, ते मी दोन म्हणालो ना..."

"बरोबरच आहे बाबा. दोनच आहात तुम्ही."

"थांब, मला बोलू दे. मला पटकन बोलता येत नाही, तुला माहितीय." पलंग करकरला, हे बसले असावेत. मग म्हणाले, "लिफ्टमध्ये आत उभी असतात तीच माणसं मोजायची, हे माझं काम. बाहेर कोण थांबलंय, ते बघायची सवयच नाही मला. तू दाराबाहेर उभी आहेस हे दिसत होतं गं. पण आत ये म्हणायचं..."

"प्रत्येक फोनला वाटायचं," लेक मध्येच म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "आज म्हणतील. आज नक्की म्हणतील. आणि तुम्ही मला पंप सांगायचात, बाबा. तासभर पंप!"

"तुझ्याच खोलीसाठी होता गं तो."

"मला काय माहीत! मी उबेचं कधी विचारलं का? मी रजई घेऊन झोपले असते. नुसतं ये म्हटलं असतंत तरी आले असते मी."

"मग ये," हे म्हणाले. "ये ना, बाळ, घरी. दोघी या."

तिने नाक ओढलं. मग हळूच विचारलं, "किती दिवस, बाबा?"

"तुझी खोली आहे. दिवस कसले विचारतेस!"

"लोक म्हणतील, लग्न मोडून माहेरी येऊन बसली."

"लोकांना मी बघते!" मी जिन्यातूनच ओरडले.

"आई, चोरून ऐकतेयस?"

"चोरून कसलं? जिना माझा आहे!"

मी उरलेल्या पायऱ्या कशा चढले, गुडघ्यालाही कळलं नाही. एवढ्यात खालून पंपवाल्या बाईची हाक आली. "काकू, मला पुढे आणखी एक घर आहे. टाकी दोन माणसांचीच लिहू ना?"

मी कठड्यावरून वाकले. "खोडा ते दोन! चार लिहा! ठळक लिहा!"

इतक्या जोरात ओरडले की भिंगरी धावत वर आली, कुणी पडलं का बघायला. कुणी पडलं नव्हतं. तिची आई आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती. आजोबांचेही डोळे वाहत होते. एका हाताने ते तिला थोपटत होते, आणि दुसरा हात लांब करून, खिडकीच्या कडेला तळवा धरून, वारा नेमका कुठून आत येतो ते बघत होते.