फळीला लावलेला कान

अण्णांचा नियम साधा: रंधा लावण्याआधी फळीला कान लावायचा. आत किडा कुरतडत असेल, तर फळी सरपणात. पुढे अण्णांना ऐकू येईनासं झालं. गिऱ्हाइकांपुढे ते ओठ वाचून वेळ मारून नेत, आणि फळ्या ऐकायचं काम माझ्याकडे, त्यांच्या लेकीकडे आलं. बहिरेपण कोणाला कळू द्यायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद.

आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. सात वर्षांपूर्वी आम्ही केलेल्या टेबलाला मसुरीएवढं भोक पडलं होतं, खाली भुसा सांडलेला. भोक पाडणारे महाशय फुलदाणीतल्या पांढऱ्या फुलावर बसून पराग खात होते. हिरवागार भुंगा, पाठीवर सोनेरी झाक. इतका देखणा चोर मी पाहिला नव्हता.

“इतकी वर्षं आत होता?” बाईंनी विचारलं.

“अळी होऊन लाकूड खात होता,” मी म्हणाले. “पंख फुटल्यावर बाहेर पडला.”

अण्णांनी भोकावरून अंगठा फिरवला. “चूक माझी. नवीन टेबल करून देतो.”

जिना उतरताना ते म्हणाले, “ते टेबल झालं की हत्यारं तुझी. ज्याला किडकी फळी कळत नाही, त्यानं सुतार म्हणवून घेऊ नये.”

ती फळी मला पक्की आठवत होती. त्या दिवशी अण्णांनी चारचौघांत मी जोडलेला लाकडी सांधा उपटून फेकला होता. मी रागाने धुमसत होते. फळीवर नुसती टकटक केली आणि ‘चोख आहे’ म्हणून मोकळी झाले. आता गप्प बसले असते, तर अख्खा कारखाना आयता पदरात पडत होता. लाज वाटते, पण दोन पायऱ्या मी गप्प राहिलेही.

“अण्णा, मी कान लावलाच नव्हता.”

त्यांची पाठ माझ्याकडे होती. खांद्याला हात लावला तसे वळले. पुन्हा सांगितलं.

“काय?”

“मी कान लावला नव्हता! फळी न ऐकताच चोख म्हणाले!”

जिन्यावरची दोन दारं उघडली. वरून डॉक्टरीणबाई डोकावल्या. अण्णांचं बहिरेपण आणि माझा खोटेपणा, दोन्ही एकदमच चव्हाट्यावर आले. माझे डोळे भरून आले.

अण्णा शांतपणे उतरू लागले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, “दुसऱ्यांदाच कळलं होतं मला. ओठ दिसत होते तुझे.”

“मग ओरडायला का लावलंत?”

“सात वर्षं आत होतं ना,” ते म्हणाले. “चल, फळ्या बघायच्यात. हत्यारं मी काढतो, तू ऐक.”