ताईने गप्प बसायचं

गप्प बसणं ताईच्या रक्तातच नव्हतं. त्यात धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया झाल्यापासून सात वर्षं त्याच्या वाटचंही तीच बोलत आली होती: तो कपडे शिवायचा त्या कारखान्यात मास्तरांशी, घरमालकाशी, डॉक्टरांशी. आज मात्र डॉक्टरांच्या खोलीत तोंडाला कुलूप लावायचं, अशी तिला सक्त ताकीद होती. ताकीद देणाऱ्या बाई त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर दर मंगळवारी पेशंटना बोलायला शिकवत. समोरच्याकडे बघायचं, काय होतंय ते सांगायचं, काय हवंय ते मागायचं. भावाने आठवडाभर कपाटाच्या आरशासमोर हेच घोकलं होतं.

मागायचं होतंही तसंच. नव्या गोळीने कानातले आवाज थांबले होते, पण पायांना घडीभर चैन नव्हती. मशीनच्या पायडलवर पाय आपोआप पळायचा, शिलाई भरकटायची, बाह्या वाया जायच्या. दर दहा मिनिटांनी हा उठून फेऱ्या मारायचा. मास्तरांना वाटायचं, अंगचोर आहे झालं. मागच्या खेपेला असंच झालं, तेव्हा पठ्ठ्याने कुणाला न सांगता गोळ्या कुंडीत पुरल्या आणि दोन महिन्यांत पुन्हा इस्पितळात भरती. आज बोलला नाही तर पुन्हा कुंडीच, हे ताईला लख्ख दिसत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, कसं काय चाललंय.

"बरंय," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

झालं, सगळं मुसळ केरात! टेबलाखाली त्याचा पाय थयथय नाचत होता आणि वर डॉक्टर त्याच गोळ्या पुन्हा लिहायला लागले होते. ताईच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ओठ दातांखाली दाबला. अरे बोल रे बाबा, बोल एकदाचं.

"डॉक्टर, थांबा." त्याने मान वर केली. "पाय थांबत नाही. शिवता येत नाही. गोळी सोडायची नाहीये मला, पण यावर काहीतरी करा."

डॉक्टरांनी सवयीने ताईकडे पाहिलं. तिने मुकाट्याने भावाकडे बोट दाखवलं. मग डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली, कधीपासून, किती, सगळं त्यालाच विचारलं, डोस थोडा उतरवला, पायांसाठी वेगळी गोळी दिली आणि आठवड्याने यायला सांगितलं.

"आणखी एक," उठता उठता तो म्हणाला. "पुढच्या वेळी ताई बाहेर बसेल."

ताईला ते भलतंच लागलं. सात वर्षांची उस्तवार, आणि एका वाक्यात बाहेरच्या बाकावर! चार शब्द सुनावायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. पर्स उचलून ती त्याच्या आधी बाहेर पडली आणि कुठल्या बाकावरून दार नीट दिसतं, ते बघून ठेवलं.